उगवतीची भित

११ एप्रिल १९७४, गुरवार

आवं,

चार रात्री झाल्या, माजा डोळ्याला डोळा न्हाई. पयलं त्येच सांगते, खुशाली मागनं. उगवतीच्या भितीत आतनं माती सुटल्यावानी वाजतंय. सुर्र करतंय, गप बसतंय, जरा येळानं परत सुर्र. ठकी कुशीत निजलेली असती आन मी भितीला कान लावून पडलेली असते. शेजारच्या हरणाबाईला सांगितलं तर म्हनती, "अगं घुस असंल. माजा म्हातारा जित्ता व्हता तवा ह्याच्या दुप्पट घोरायचा, मी काय झोपले न्हाई व्हय?" पन घुस म्हनल्यावर बिळ पायजे, उकरलेली माती पायजे. तसलं काय न्हाई. तुमी केलेला सिमिटाचा गिलावा हाय तसा हाय, तळहातावानी गुळगुळीत. फकस्त आपल्या गुंड्याचा ल्हानगा पंजा उठलाय त्येच्या खालनं एक चीर गेलीया, केसाएवढी. मी तिला शेनमाती लावली. दुसऱ्या दिशी शेनमाती गळून खाली, चीर तिथंच.

दुसरीकडं नीज म्हनू नका. त्या पंजापाशीच मी अंथरून घालते. रात्री हात वर केला की माजी बोटं त्येच्या बोटांत बसत्यात. बसत न्हाईत, माजी मोठी हायती. पन लागत्यात.

खुशाली अशी, ठकी सहा म्हयन्याची झाली. खालचं दोन दात आलं. समदी तिला ठकीच म्हनत्यात, बारसं केलं न्हाई. बापानं नाव कळवलं की घालू म्हनून थांबले. तीन पत्रांत इचारलं. तुमची मनिआर्डर येती, पोष्टमन कुपनाचा तुकडा फाडून देतो, त्यो मी मागनं पुढनं बगते. कोरा असतो. तरी डब्यात ठेवते. तुमचा हात लागला असंल त्येला.

मावळतीची भित पडली त्येला आता आठ म्हयनं झालं. तिथं म्या पाचटाचा कूड घातलाय. उसाचं पाचट आपल्याच रानातलं, कामट्या हरणाबाईच्या परड्यातल्या. वारं सुटलं की फडफडतोय नुसता. पन त्यो पडला तर कुनाच्या अंगावर पडून कुनी मरत न्हाई.

आन औंदा कौलं म्या सोता शेकारली. बाईनं घरावर चढू नये म्हनत्यात, पन चढले. पोर हरणाबाईपाशी दिली, कास्टा घातला आन शिडी लावली. आप्पासो पारावर बसलेलं, तिथनं वरडलं, "आरं बगा बगा, फौजी तिकडं हाय आन फौजीची बायकू हितं मोर्चा संबाळतीया!" हरणाबाईनं खालनंच उत्तर दिलं, "तुमी पारावरचा मोर्चा संबाळा, त्यो सुटला तर गाव बुडंल." समदी हासली. मीबी हासले वर बसून. लय दिसांनी हासले, तुमाला सांगाय हरकत न्हाई.

एक फुटकं कौल ठेवलं न्हाई. गेल्या साली पौषात तुमी रजेवनं जाताना सांगून गेला व्हता, मावळतीच्या भितीवरचं फुटकं कौल पावसाच्या आदी बदल. म्या बदललं न्हाई. पाऊस आला तवा पाचवा-सहावा व्हता, शिडीवर पाय ठेवला की घेरी यायची, म्हनून आतनं काठीनं पत्र्याचा तुकडा सारून ठेवला. त्यातनं पानी भितीत उतरलं, भित पडली आन गुंड्या गेला. ह्ये तुमी तेराव्याला समद्यांदेखत बोलला. मी तवाबी न्हाई म्हनले न्हाई, आजबी म्हनत न्हाई. पन आता एकबी फुटकं न्हाई. रजा घिवून या, शिडीवर चढा आन बगा.

अंजना

२२ एप्रिल, सोमवार

आवं,

उत्तर आलं न्हाई, तरी लिवते. टपालाला येळ लागत असंल.

उंब्रजला बाजारला गेले व्हते, तिथं ज्ञानू मेस्त्री भेटलं. आपलं घर मामंजींच्या येळंला त्यांनीच बांधलेलं, म्हनून इचारलं. कुनाचं घर ते सांगितलं न्हाई.

म्हनले, "मेस्त्री, भित आतनं वाजाय लागली म्हंजी काय?"

"कुनाची?"

"कुनाचीबी न्हाई. आपलं इचारते."

"कुनाचीबी न्हाई ती भित वाजत नसती, पोरी."

मंग सोताच बोलाय लागलं. म्हनलं, "मातीची भित मानसावानी असती. पायातनं तिच्यात ओल चढती. मानसाला घाम येतो तसा तिलाबी येतो, वारं लागलं की सुकतो. तिचा घाम सुकू दिला तर शंभर वर्सं हुबी ऱ्हाती. शेनामातीचा गिलावा कशापायी करत्यात? शेनमाती म्हंजी सुती लुगडं. आतला घाम भायेर सोडती."

"आन न्हाई सुकला तर?"

मेस्त्रीनं माज्याकडं बगितलं, ठकीच्या डोक्यावरनं हात फिरवला. तंबाखू थुकली. म्हनलं, "मी नाथाजीला त्या येळंलाच..." आन गप झालं. तुमचं नाव घेतलं आन गप झालं. मी लय खोदून इचारलं. म्हनलं, "ऱ्हाऊ दे. तू भेंडं पाडाय शीक, मातीच्या कच्च्या इटा. मावळतीची भित काय पाचटावर जलमभर काढनार हाय व्हय? माती चांगली मळ, बाकीचं नाथाजी आल्यावर बगू."

त्येनी तुमाला काय सांगितलं व्हतं? एवढं तरी कळवा. नुसतं त्येच कळवा, दुसरं काय लिवू नका पायजे तर.

आवाज हायच. आता दिवसाबी येतो, ठकी झोपली आन घर गप असलं की.

अंजना

५ मे, रविवार

आवं,

भेंडं पाडतीया. तुमी बगाल तर हासाल. पडलेल्या भितीची माती आंगनात तशीच व्हती, कुनी हात लावला नव्हता. म्याबी लावला न्हाई, मला तिच्याकडं बगवत नव्हतं. मेस्त्री म्हनलं ती माती नगो, नदीकडची पांढरी आन. म्हनून डोक्यावर पाट्या आनल्या. गव्हाचा भुसा घातला, पानी शिपडलं आन दोन दिस भिजवली. मंग पायानं तुडवायची. ठकीला पाठीला बांधते आन तुडवते, तिला वाटतं झोपाळाच हाय, झोपून जाती. माती पायाच्या बोटांतनं वर आली आन टाचंला चिकटाय लागली की झाली म्हनायची. मंग साच्यात दाबायची आन उन्हात काढायची. एक भेंडा हातभर लांब. पयलं वीस तडकलं. मेस्त्री येऊन बगून गेलं, म्हनलं, "भाकरीला तिंबतीस तसं तिंब की, कनीक काय वायली असती?" तवापसनं न्हाई तडकत. दीडशे झालं. मावळतीच्या भितीला पुरत्याल.

आकिती झाली. पितरांच्या नावानं पान्याचा करा भरला. गुंड्याच्या नावानं काय घालायचं ते कुनाला ठावं नव्हतं, ल्हान पोराचं घालत न्हाईत म्हनत्यात. म्या वाटीत आंब्याचा रस ठेवला त्या पंजाखाली. सकाळी मुंग्या व्हत्या.

माती तुडवताना डोकं रिकामं असतं, नगं ते आठवतं. तुमी लढाईवनं आला ती रजा आठवती. बहात्तर साल. सोसायटीत कुनाला सिमिटाचं परमिट मिळत नव्हतं आन तुमाला फौजी म्हनून मिळालं. उंब्रजवरनं बैलगाडीतनं गोन्या आल्या तवा निम्मं गाव मागनं चालत आलं. तुमी म्हनला व्हता, "भूकंपात मातीच्या भिती कशा पडल्या बगितल्यास न्हवं? माज्या पोराला आता मातीच्या भितीत निजवायचं न्हाई. घर पक्कं करायचं." अख्खी रजा त्यात घातली. कुठं पाव्हन्याला गेला न्हाई, का जत्रंला न्हाई. मावळतीची झाली, उगवतीची झाली. गिलावा वला व्हता तवा गुंड्याला उचलून त्येचा पंजा दाबला त्यात. त्यो रडाय लागला, गार लागलं म्हनून. तुमी म्हनला, "रडतोस कशापायी? फौजीच्या पोराची सही हाय ही." मला म्हनला, ह्यो पंजा तुज्या नातवंडांनाबी दिसंल.

त्या साली दुष्काळ पडला. पाऊसच न्हाई. भिती आरशावानी.

आनि एक सांगायचं ऱ्हायलं, लपवत न्हाई. हरणाबाईच्या चंचीत माज्या दादाची चिठ्ठी हाय. तेराव्याला तुमी त्येला घरातनं काढलंत तवा जाता जाता तिच्या हातात ठेवून गेला, सांगलीच्या कंट्राटदाराच्या हापिसाचा फोन नंबर. तिथंच गवंडी हाय त्यो. हरणाबाई परवा म्हनली, "अगं एकटी किती मरशील? उंब्रजला जाऊन धोंडिरामाला फोन लावाय सांगू का? तू नुसती मान हालव." मी मान हालवली न्हाई. तुमी माज्याकडनं पालीच्या खंडोबाचा बेलभंडार उचलून घेतलाय. पोटावर हात ठेवाय लावून. भावाला पत्र न्हाई, निरोप न्हाई, त्येचं पाऊल ह्या उंबऱ्यात न्हाई, मोडलं तर पोटातल्या जिवाची आन. त्यो जीव आता माज्या पाठीवर झोपलाय. एक गेला. मी कशी मान हालवू?

पन का ते मला आजून कळलं न्हाई. त्येनं तुमचं काय वाईट केलं व्हतं?

रोहिनी निघायला तीन आठवडं हायती. या.

अंजना

१४ मे, मंगळवार

आवं,

समदं बरं हाय. भितीचा आवाज न्हाई आता. ठकी बसाय लागली, लोडाला टेकून. मी आन ती हरणाबाईच्या सोप्यात झोपतो, उकाडा लय हाय म्हनून.

हाताला जरा लागलंय, म्हनून अक्षर असं येतंय. छिन्नी निसटली. तुमच्या टरंकेतली घेतली व्हती, परत पुसून ठेवली.

मेस्त्रीनं तुमाला काय सांगितलं व्हतं ते आता कळवू नका.

अंजना

२२ मे, बुधवार

आवं,

मागच्या पत्रात मी खोटं लिवलं.

त्येच्या आदल्या दिशी, सोमवारी दुपारची चीर बोटाएवढी झाली. वाटलं, चिरीपुरतं खोलून भरून घ्यावं. छिन्नी-हातोडा घेतला. आदी नुसतं वाजवून बगितलं. वरतीकडं वाजवलं, खालतीकडं वाजवलं. गुंड्याच्या पंजापाशी वाजवलं तर रिकाम्या हंड्यावानी वाजलं. पंजा फुटू नये म्हनून त्येच्या चारी बाजूंनी हळूहळू टोचत गेले, बोळक्या तोंडानं भाकरी कुरतडावी तशी. आन ती आख्खी फळी सुटून माज्या मांडीवर आली. पाटाएवढी. सिमिट लय चांगलं व्हतं तुमचं. टवका उडाला न्हाई. पाची बोटं जशीच्या तशी.

तिच्या मागं भितच नव्हती.

वरनं भुगा आला, गुडघ्यापतुर. म्हनून वाजत व्हतं ते. आत हात घातला, कोपरापतुर गेला. खालतीकडं वलं लागलं. वैशाखात. दोन म्हयनं आबाळात ढग न्हाई, आंगनातली भेंडं एका दिसात वाळत्यात, आन माज्या घराच्या भितीत चिखल. एक गोळा काढला आन मुठीत दाबला. बोटांतनं पानी आलं.

वर बगितलं. वर कौलं. माज्या हातानं लावलेली, एकबी फुटकं न्हाई. आन उगवतीला तर कवाच नव्हतं फुटकं. गेल्या सालीबी नव्हतं.

कौलातनं न्हाई आलं पानी. पायातनं चढलं आन सिमिटानं त्येला भायेर पडू दिलं न्हाई. दुष्काळाच्या साली पाऊस न्हाई म्हनून तग धरला, पुढल्या साली मावळतीच्या भितीनं धरला न्हाई. मेस्त्रीनं ह्येच सांगितलं असनार तुमाला. सांगितलं न्हवं?

मुठीत त्यो गोळा तसाच धरून बसले आन मला तेराव्याचा दिस दिसला. मी चुलीपाशी दाराआड उभी. दादा आंगनात पडलेल्या मातीपाशी बसला. त्यो गवंडी, त्येचा हात मातीकडं जायाचाच. ढिगाच्या पोटातनं सिमिटाचा गिलावा चिकटलेलं एक ढेकूळ काढलं आन तुमच्या हातात दिलं. हळू बोलला, तरी मला आयकू आलं. "दाजी, दाबून बगा." तुमी दाबलं. मंग त्येच हातानं त्येच्या तोंडात मारली. त्येच्या गालाला चिखल लागला व्हता, तुमच्या पाची बोटांचा. मला वाटलं मानपानावरनं काय झालं. मंग तुमी घरात आला, देव्हाऱ्यातनं भंडारा घेतला, बेल घेतला, म्हनला उचल.

तुमाला ठावं व्हतं. त्या दिशीपसनं ठावं व्हतं. नऊ म्हयनं मी कौल कौल करून मेले. पानी भरताना कौल, भाकरी थापताना कौल, पोरीला पाजताना कौल. बाळंतिनीच्या खाटंवर मी सुइनीला म्हनले व्हते, माजं पोर माज्या आळसानं मेलं. आन तुमाला ठावं व्हतं.

राग आला. खोटं कशाला लिवू? तुमची टरंक वढत उंबऱ्यापतुर आनली, भायेर टाकाय. हरणाबाई आली, म्हनली, "काय गं, उंदीर शिरला व्हय टरंकेत?" मी म्हनले व्हय. तशीच परत आत सारली.

मंग दोन दिस माती तुडवली. तुडवता तुडवता राग उतरला, कुठं गेला ठावं न्हाई. मला तुमी दिसाय लागला. गोनी खांद्यावर घेतलेला. गिलाव्यावर लाकडी थापी फिरवताना जीभ भायेर काढायचा, शाळंतल्या पोरावानी. पोराला भितीनं मारू नये म्हनूनच आनलं न्हवं सिमिट? आनखी कशापायी आनलं व्हतं? तुमी तिकडं बंदूक घिवून उभं असाल आन तुमच्या मुठीत त्योच गोळा असंल. म्हनून कुपन कोरं. काय लिवनार मानूस? म्हनून पोरीला नाव न्हाई. नाव ठेवलं की घर आलं, घर आलं की भित आली.

एकदा म्हनायचं व्हतं मला. "अंजे, कौल न्हवं गं, मी." एवढंच. मी काय तुमाला टाकलं असतं? दोघं मिळून रडलो असतो. आता तुमी तिकडं एकटं, मी हितं एकटी, आन मधी ही भित हुबी.

ती आज पाडायची हाय.

गवंडी गडी बोलवत न्हाई. मेस्त्रीलाबी न्हाई. चार मानसं आली की आतली माती बगत्याल, आन सांच्यापतुर पारावर व्हईल की नाथाजीनं सोताच्या हातानं पोरगं मारलं. मेस्त्रीनं एवढी सालं तोंड दाबून धरलंय, मी का उघडू? मावळतीची माती नऊ म्हयनं आंगनात व्हती, तिच्याकडं कुनी बगितलं न्हाई, कारन पोराच्या दुखात कोन ढेकळं बगतंय? हिच्याकडं बगत्याल. आन हुबीबी ठेवता येत न्हाई. तिच्या पल्याड बोळ हाय, तिथं दिसभर पोरं गोट्या खेळत्यात. दोनदा हाकलली, परत येत्यात. शनिवारी रोहिनी निघती. एक सर आली की ती त्यांच्यावर जाईल. दुसऱ्या कुनाच्या दारात त्यो तेरावा नगो.

कौलं त्या बाजूची परवापसनं उतरवून ठेवलीत. वाशांखाली तीन टेकू दिलेत, दोन बाभळीचं, एक आपल्या जुन्या गाडीचं जू. मेस्त्रीला गोष्टीगोष्टीत इचारून घेतलं, भित पाडताना वरनं थर थर काढायची, खालनं पोखरायची न्हाई, आन आपुन कवाबी तिच्या पडत्या अंगाला हुबं ऱ्हायचं न्हाई. पडतं अंग कुठलं ते कसं वळखायचं म्हनले. म्हनलं, "ते भितीलाच ठावं." मला लय भ्या वाटतंय.

पंजाची फळी वाकळंत गुंडाळून धान्याच्या कनगीत ठेवलीया. ती तुमाला.

ह्ये पत्र पेटीत टाकायचं न्हाई. ठकीच्या दुपट्यात टाचून हरणाबाईपाशी देते.

हरणाबाईला वाचाय येत न्हाई. म्हंजी ती ह्ये कुनाला तरी वाचाय दिल. तवा हितनं पुढं जे कोन वाचताय, मास्तर असाल, पोष्टमन असाल, तुमाला लिवते. वरचं समदं ह्यांचं आन माजं हाय, त्येनास्नी लिवलेलं. वाचलं असंल तर पोटात ठेवा. पारावर काढू नका. मी भितीखाली घावले तर माती बगू नका, आदी मला काढा आन माती उकिरड्यात टाका. ह्यांना तार करताना लिवा, पाय घसरला. कौलावरनं म्हना पायजे तर. कौलाचं नाव माजं मला सवयीचं हाय.

पोरीचं नाव कुनी इचारलं तर मुक्ता सांगा. बापाची वाट बगून म्या ठेवलं.

आता कामाचं. माजा भाऊ धोंडिराम. म्या बेलभंडार उचललाय, त्येला माज्या हातनं पत्र न्हाई, माज्या तोंडनं निरोप न्हाई. ह्ये पत्र त्येला न्हाई, तुमाला हाय. खंडोबानं एवढं तरी धरू नये. चिठ्ठी हरणाबाईच्या चंचीत हाय. तंबाखूनं नंबर पुसला असंल तर सांगली चारशे सतरा. मी चिठ्ठीला हात लावला न्हाई, पन ती पान खायाला चंची सोडायची तवा बगितलं, पाठ झाला. कंट्राटदाराचं हापिस हाय, धोंडिराम गवंड्याला बोलवा म्हनायचं, कामावनं हाक मारत्यात. त्येला सांगा, कौलाचं नव्हतं, अंजीला कळलं. एवढ्यानं त्येला समदं कळंल. मी गेले असले तर ठकीला न्यायला ये म्हनावं.

आन मी धड असले, आंगनात हुबी राहून भेंडं रचत असले, तुमी इचारल्यावर नगा करू म्हनले, तरी माजं आयकू नका. माज्या भावाला फोन लावा.